बंदुकीला झाडपाल्याचा रंग

प्रश्न : आमच्या काकांकडे परवान्याची पंप ॲक्शन बाराबोर बंदूक आहे. शेत जटवाडा रस्त्याला. मक्याचं कणीस भरलं की रानडुकरं उतरतात. परदेशातले शिकारी बंदुकीवर झाडपाल्याचे चट्टेपट्टे रंगवतात, तसे घरी रंगवता येतील का? त्याने जनावर फसतं का?
— एक वाचक, हर्सूल

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर ऐकल्यावर पहिला कदाचित उरणारच नाही.

रानडुक्कर डोळ्यांवर नाही, नाकावर जगतं. वाऱ्याच्या दिशेने तुमच्या काकांच्या विडीचा वास गेला, तर रंगाची सगळी मेहनत तिथेच संपते. शिवाय माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. डुकराच्या, रोह्याच्या, हरणाच्या डोळ्यात दोनच. लाल आणि हिरव्यातला फरक त्यांना नीट कळत नाही. त्यांना कळते ती हालचाल. आणि मुख्य म्हणजे डुकरं येतात रात्री. अंधारात रंगवलेली बंदूक काकांनाच सापडली नाही, एवढाच फायदा! (सापडली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर झाडता येत नाही, 1972 चा वन्यजीव कायदा आहे.)

मग परदेशात रंगवतात कशाला? पाखरांसाठी. बदकाच्या डोळ्यात रंगाच्या पेशी चार प्रकारच्या असतात, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्याला दिसतात. चकाकणारी नळी त्याला लांबून जाणवते. म्हणून रंग मंद, बिनचमकीचा हवा, आणि चट्टे असे हवेत की बंदुकीची सरळ रेषा मोडली पाहिजे. झाडात सरळ रेषा नसते, ती दिसली की डोळा अडतो. ही युक्ती पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने चित्रकारांच्या हातून तोफांवर वापरली. 1915 मध्ये त्यासाठी वेगळी तुकडीच उभी राहिली. त्याआधी हत्यार मिरवायचं असायचं. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ पाहिलीत ना? तिच्या मागच्या टोकाला कोरलेलं मेंढ्याचं डोकं लपण्यासाठी नव्हतं.

तरीही हौस असेल, तर रंग देण्यापेक्षा कुठे द्यायचा नाही हे महत्त्वाचं. पंप ॲक्शनमध्ये पुढची पकड मॅगझिनच्या नळीवरून मागेपुढे सरकते आणि त्या सरकण्यावरच काडतूस बाहेर पडतं, नवं आत येतं. त्या नळीवर रंगाचा थर बसला की पकड अडखळते, किंवा चार वेळा ओढल्यावर रंग खरवडून निघतो. घोड्याची यंत्रणा, सेफ्टीचं बटण, नळीचं तोंड, आतली बाजू, सगळं झाकून घ्यावं लागतं. तेल पुसलं नाही तर रंग पकडत नाही, आणि पकडला तरी पुढच्या तेलपाण्यात साध्या डब्याच्या रंगाची सालं सुटतात. लाकडी दस्त्याला एकदा चट्टे दिले की परत मूळ पॉलिश आणणं म्हणजे नवा खर्च.

सगळ्यात जपायचा तो नंबर. परवान्यावर बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. नूतनीकरणाला किंवा निवडणुकीआधी हत्यार ठाण्यात जमा करताना तोच ताडून पाहतात. 1959 च्या शस्त्र कायद्यात ओळखचिन्ह पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. रंगाखाली दडलेला नंबर म्हणजे उगाच संशयाला आमंत्रण. दस्ता बदलणं वगैरे काम परवानाधारक दुकानदाराकडूनच करून घ्यावं. नळी कापून आखूड करायचा विचार कोणी सुचवला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्याला वेगळा परवाना लागतो, आणि 20 इंचांहून आखूड नळीची बंदूक निर्बंधित गटात जाते.

हर्सूल तलावाच्या काठी पाखरांची छायाचित्रं काढणारे भेटले, तर त्यांच्या लांब लेन्सकडे बघा. अनेकजण तिला चट्ट्यापट्ट्यांची कापडी पट्टी गुंडाळतात. पाखराच्या डोळ्यासमोर बसायचं असतं, म्हणून ते करणं बरोबरच. तशीच पट्टी दस्त्याला गुंडाळता येते, ठाण्यात जाण्याआधी सोलून काढता येते, आणि नंबर उघडा राहतो. पावसाळ्यात मात्र नळीवर ठेवू नका. खाली ओल धरते आणि पोलादाला गंज चढतो.