पाकिटावरचे नाव आणि टपालाचा शिक्का

राजुरीच्या टपालपेटीत टाकलेल्या पाकिटावर कुणी 'प्रेषक : जिल्हाधिकारी, पुणे' असे लिहिले, तर त्याचा हात कोण धरणार? तरीही कागदी पत्राला एक साक्षीदार असतो, तो म्हणजे टपालकचेरीचा शिक्का. पत्र कुठून निघाले हे तो सांगतो. ई-मेल उघडताना मात्र आपण केवळ प्रेषकाचे नाव वाचतो आणि विश्वास ठेवून मोकळे होतो. ऑनलाइन फसवणुकीचे मूळ पुष्कळ अंशी येथेच आहे.

ई-मेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पोचविण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. थोड्याफार फरकाने तेच आजही चालू आहेत. त्या वेळी या जाळ्यावर मुख्यतः विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या. प्रेषकाने नाव सांगावे आणि यंत्राने ते मानावे, असा भाबडा व्यवहार! वास्तविक धोक्याची चुणूक आधीच मिळाली होती. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क या अमेरिकन विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठविली. पहिला 'स्पॅम' तो. (हे नाव मूळचे डबाबंद मांसाचे, नकोशा टपालाला ते एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमामुळे चिकटले.) लाख पत्रे पाठवायला फारसा खर्च येत नाही, त्यामुळे लाखांत एक जण फसला तरी हा धंदा परवडतो.

पुढे प्रेषकाचा पत्ता पडताळण्याच्या सोयी झाल्या. परंतु त्या पत्त्याची ग्वाही देतात, माणसाच्या सचोटीची नव्हे. भामट्याने स्वतःच्याच पत्त्यावरून लिहिले, तर पडताळणीत तो सहज उत्तीर्ण होतो! तेव्हा पत्ता वाचण्याचे काम अखेर आपल्याकडेच येते.

तो शेवटाकडून वाचावा. राजुरी नावाची गावे अहिल्यानगर व बीड जिल्ह्यांतही आहेत. आपले पत्र आपल्या राजुरीला येते ते अखेरच्या 'ता. जुन्नर, जि. पुणे' या शब्दांमुळे. संकेतस्थळाचेही तसेच. आपल्यापैकी अनेकांचे शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर असतात. त्या स्थळाच्या नावाचा शेवट 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. त्यापुढे आणखी 'डॉट अमुकतमुक डॉट कॉम' जोडलेले दिसले, तर मालक तो अमुकतमुक; शासनाचे नाव पुढे केवळ शोभेला. रोमन लिपीतील आर आणि एन ही अक्षरे शेजारी आली की एमसारखी दिसतात, हीसुद्धा एक जुनी युक्ती आहे.

नावाचा हा मोह अशिक्षितांनाच पडतो, असे समजू नये. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची एक कोटीहून अधिक रुपयांची फसवणूक झाली. तेथे माध्यम ई-मेल नव्हते, व्हॉट्सॲप होते. तत्त्व मात्र एकच. कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने तातडीने पैसे भरण्याचे संदेश आले आणि पैसे गेले. अशा वेळी त्या व्यक्तीला आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर एक फोन करणे, हाच खरा टपालाचा शिक्का. संदेशात दिलेल्या क्रमांकावर केलेला फोन कुचकामी, कारण तो उचलणारा भामटाच असतो.

आणखी एक गोष्ट. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो लागतो पैसे देताना. एवढे करूनही रक्कम गेलीच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात भराभर सरकत असतो, आणि तो वाटेत गोठवता येतो तो बहुधा पहिल्या काही तासांतच.