बाजाराचा मालकच दुकानदार झाला तर?

समजा, आठवडी बाजाराची जागा एकाच माणसाच्या मालकीची आहे. कोणी कोठे बसावे हे तो ठरवतो, भाडे घेतो आणि प्रत्येकाची विक्री आपल्या वहीत लिहून ठेवतो. कोणत्या रंगाची पाकिटे खपतात, कोणत्या भावाला गिऱ्हाईक परत फिरते, हे सर्व त्याला ठाऊक असते. एके दिवशी तो स्वतःच पाकिटांचे दुकान थाटतो, तेही अगदी तोंडाच्या जागेवर. मेहनतीने गिऱ्हाईक जोडणाऱ्या कारागिराने आता काय करावे?

इंटरनेटवरील मोठ्या कंपन्यांबद्दल जगभर जो वाद चालू आहे, त्याचा एक मोठा भाग या प्रश्नात आहे. आपल्यापैकी अनेक व्यापारी व कारागीर आता अशा बाजारात माल विकतात. म्हणून कायदा काय म्हणतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट ही की, मोठे असणे हा गुन्हा नाही. मोठेपणाच्या जोरावर दुसऱ्याची वाट अडवणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत मक्तेदारीविरुद्धचा शर्मन कायदा १८९० साली झाला. त्याच कायद्याखाली १९११ साली स्टँडर्ड ऑईल कंपनीचे ३४ तुकडे करण्यात आले. पुढे मात्र, विशेषतः १९८० नंतर, तेथे भाव वाढून ग्राहकाचे नुकसान झाले काय, हेच प्रामुख्याने पाहिले जाऊ लागले. लीना खान यांनी कायद्याच्या विद्यार्थिनी असताना २०१७ साली एका लेखात यावर हरकत घेतली. भाव कमी असला तरी बाजार एकाच्या मुठीत जाऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. २०२१ साली त्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अध्यक्ष झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये कमिशनने १७ राज्यांसह अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. जो विक्रेता इतरत्र कमी भावात माल विकतो त्याला ही कंपनी मागे ढकलते, असा त्यातील एक आरोप आहे. कंपनीला तो मान्य नाही.

युरोपात प्रश्न थेट वहीचा होता. अ‍ॅमेझॉन दुसऱ्या विक्रेत्यांची खाजगी माहिती स्वतःच्या दुकानासाठी वापरते काय, याची चौकशी युरोपीय आयोगाने जुलै २०१९ मध्ये सुरू केली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने हमी दिली की ती माहिती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही आणि खरेदीच्या बटणामागे कोणाचा माल ठेवायचा हे ठरवताना सर्वांना सारखी वागणूक देईल. आयोगाने दंड केला नाही, पण हमी बंधनकारक केली.

आपल्या देशात २००२ चा स्पर्धा कायदा आहे. त्याचे कलम ४ वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करते. परंतु दोन कंपन्यांचे मिळून वर्चस्व हा कायदा मानत नाही. म्हणून दिल्लीच्या व्यापारी महासंघाने अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्टविरुद्ध तक्रार केली, तेव्हा स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये कलम ३ खाली, म्हणजे स्पर्धेला मारक करारांबद्दल, चौकशीचा आदेश दिला. ठराविक विक्रेत्यांना झुकते माप आणि प्रचंड सवलती, अशा तक्रारी होत्या. कंपन्या न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी थांबवण्यास नकार दिला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात की मोठी दुकाने आपल्या नावाचा माल पूर्वीपासून विकत आली आहेत, ग्राहकाला स्वस्ताई मिळते आणि गल्लीतल्या कारागिराला देशभरचे गिऱ्हाईक मिळते. यात तथ्य आहे. पण साध्या दुकानदाराकडे शेजाऱ्याची वही नसते. खरा फरक तेथेच आहे.

आता आपण काय करावे? सगळा माल एकाच बाजारावर सोपवू नये. ज्या गिऱ्हाइकाशी आपला थेट व्यवहार आहे, त्याचा हिशेब व पत्ता आपल्या वहीत असावा. करार सही करण्यापूर्वी दलाली, माल परत येण्याची अट व खाते बंद करण्याचा नियम वाचून घ्यावा. बाजाराच्या मालकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे एकटा माणूसही स्पर्धा आयोगाकडे जाऊ शकतो, व्यापाऱ्यांची संघटनाही जाऊ शकते. दिल्लीचे व्यापारी संघटना म्हणूनच गेले होते. एकट्या दुकानदाराला वकील, कागदपत्रे आणि वर्षानुवर्षांच्या तारखा पेलत नाहीत. आपल्या गावात संघटना नसेल तर ती आधी उभी करावी, असे आम्हाला वाटते.