एक ब्रेक आणि मागची रांग

शिक्षक मित्रहो, धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई ते बीड दरम्यान उसाच्या ट्रॉलीमागे एकाने ब्रेक दाबला की मागचा जरा जास्तच दाबतो. त्याच्या मागचे थांबतातच! अपघात नसताना रांग लागते.

जपानमध्ये २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या चालवल्या, तेव्हाही अशीच कोंडी झाली. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत वीसेक गाड्यांपैकी एकीचाच वेग संगणकाने सांभाळला. ती अंतर राखून एकसारखी चालली आणि कोंडी विरली.

परिपाठानंतर मुलांना मैदानावर गोल चालवा. मग एकालाच सांगा, "पुढच्याला चिकटू नको, सावकाश चाल." काय फरक पडला, ते मुलांनाच विचारा.

पालकांनो, अंतर ठेवायला संगणक लागत नाही. मागच्या सीटवरून लेकरं बघत असतात.