निरोपाच्या रात्री शब्द देऊ नका

धर्मग्रामातून तरुणांची सेवायात्रा निघते तेव्हा सगळी तयारी जाण्याची होते. गाडी, शिधा, ताडपत्र्या, पालकांची संमतिपत्रं, फादरांचा आशीर्वाद. परतण्याची तयारी म्हणजे बॅगा भरायच्या, एवढंच. मी आमच्या वसईच्या युवा गटाबरोबर दिवाळीच्या सुट्टीत जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जातो. यात्रा बिघडते ती शेवटच्या दोन दिवसांत, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

एका पाड्यावर आम्ही गेलो तेव्हा ओढ्यात आधीच्या एका गटाचा वनराई बंधारा अर्धवट पडलेला होता. मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. म्हणून पाऊस सरला आणि ओढ्याची धार बारीक झाली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंडं शिवून, सांधे मोडत त्या रचायच्या आणि पाणी अडवायचं. काम सोपं आहे, पण ते काठापर्यंत पोहोचलंच पाहिजे. नाहीतर पाणी मोकळ्या बाजूने वळसा घालतं आणि काठच कापून नेतं. तिथे तेच झालं होतं. उन्हाने फाटलेल्या गोण्यांच्या चिंध्या ओढ्यात लोंबत होत्या.

‘गावकऱ्यांनी पुढचं केलं असतं की,’ असं आमच्यातल्या एकाने म्हटलं. करणार कोण? दिवाळी झाली की वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी, ठाणे, वसईकडे निघतात. आम्ही वसईहून तिकडे सेवेला जातो आणि तिथली माणसं मजुरीला वसईत येतात, हे कुणीतरी मुलांना गाडीतच सांगायला हवं. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं. तेव्हा जे काम आपण असताना पुरं होणार नाही ते सुरूच करू नये. लांब बंधाऱ्याचा हट्ट सोडून आखूड ओढा निवडा. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी फावडी-घमेली धुऊन परत गेलेली असली पाहिजेत.

गोण्या निदान उचलून तरी टाकता येतात. शब्दाचं तसं नाही. शेवटच्या रात्री शेकोटी पेटते, तारपा वाजतो, फेर धरला जातो. आठवडाभर शेणाच्या जमिनीवर झोपलेल्या शहरी मुलांना रडू फुटतं, आणि मग त्यांच्या तोंडून काय वाटेल ते निघतं. नाताळला केक घेऊन येतो. शाळेला संगणक देतो. त्याच पाड्यावर आधीच्या गटातल्या कुणी एका बापाला सांगितलं होतं, मुलीच्या बारावीचा खर्च आम्ही बघतो, तिला भट्टीवर नेऊ नका. बापाने त्या भरवशावर उचल घेतली नाही. पैसे एकदा आले, पुढे फोन लागेनासा झाला. देणारा वाईट नव्हता म्हणे, त्याला नोकरी लागली. ऐन हंगामात त्या माणसाला दुसऱ्या मुकादमाकडून कमी पैशांत जावं लागलं, आणि मुलगीही बरोबर गेली.

त्यानंतर आमच्याकडे नियम झाला. शेवटच्या रात्री कुणीही एकट्याने कसलाही शब्द द्यायचा नाही. मदत करायचीच असेल तर घरी येऊन, पंधरवडा जाऊ देऊन, गटाच्या बैठकीत मांडायची. पैसे असतील तर ते वर्षभराचे एकदम धर्मग्रामाच्या खात्यात जमा झाल्यावरच पाड्यावरच्या कुटुंबाला कळवायचं. बहुतेक इरादे त्या पंधरवड्यात विरघळतात. विरघळोत बापडे, पाड्यावर विरघळण्यापेक्षा बरं.

कपड्यांच्या गाठोड्यांचं वाटप निघताना करू नका. गर्दी होते, रेटारेटी होते, ज्यांना मिळत नाही ते रुसतात, आणि आठवडाभर खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसं क्षणात हात पसरणारी होतात. द्यायचंच तर पहिल्याच दिवशी शिक्षक किंवा अंगणवाडीच्या ताईंकडे सोपवा. आणखी एक सांगतो, थोडं नाजूक आहे. आपली मिस्सा, जपमाळ, गाणी मुक्कामाच्या जागेत करावीत. वस्तूंबरोबर संतांची चित्रं किंवा प्रार्थनेची पुस्तकं वाटू नयेत. ब्लँकेटच्या घडीत चित्र निघालं की गावात संशय शिरतो आणि त्याचा त्रास पाड्यावर राहणाऱ्यांना होतो. आपण तर घरी गेलेले असतो. श्रद्धा लपवायची नाही, पण तिला ब्लँकेटचं मोलही लावायचं नाही.

फोटोंवरही लक्ष ठेवा. उघड्या अंगाच्या पोरांचे, अंघोळीच्या जागेचे फोटो शेवटच्या दिवशी सर्वांत जास्त निघतात आणि गाडी सुटायच्या आत सगळीकडे पसरतात. आई-बापांना विचारल्याशिवाय लहान मुलाचा चेहरा कुठेही टाकायचा नाही, हे एकदा रागावूनच सांगावं लागतं.

परतीला रात्री निघू नका. जव्हारहून विक्रमगडमार्गे मनोरला यायचं म्हणजे वळणावळणाचा रस्ता, आणि मनोरला लागतो तो मुंबई-अहमदाबाद महामार्ग, अवजड गाड्यांचा. शेकोटीला जागलेला ड्रायव्हर आणि मागे झोपलेली मुलं, हे गणित मला कधीच पटलं नाही. सकाळी चहा घ्या, सरपंच आणि पोलीस पाटलांचा निरोप घ्या, उजेडात निघा.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी मिस्सेनंतर बसा. हिशेब फळ्यावर लिहा, उरलेले पैसेही. शाळकरी मुलांनाही बोलू द्या. दोन-चार जण काही दिवस गप्प असतात, घरात चिडतात, आईला ‘एवढं जेवण कशाला’ म्हणतात. त्यांना उपदेश नको, फादर किंवा सिस्टरांनी शेजारी बसून ऐकलं तरी पुरतं. फेब्रुवारीत दोघांनी एसटीने जाऊन बंधाऱ्यात पाणी किती टिकलं ते बघून यावं. त्यांनी फोटो काढले नाहीत तरी चालेल.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत तुमचा गट निघणार असेल तर ग्रामपंचायतीला आधी पत्र द्या. काय करणार आणि काय करणार नाही, दोन्ही त्यात लिहा, आणि परतीची तारीखही.