नानांची आठवण शाबूत होती, म्हणूनच

आमच्या नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, स्मरणशक्ती बराच काळ शाबूत होती, आणि तिनेच सगळ्यांना फसवलं. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत उभी नोकरी झालेली. कोणता फोरमन कोणत्या साली रिटायर झाला, हे विचारायची खोटी. अथर्वशीर्ष तोंडपाठ. पण पूजेला बसले की गंधाची वाटी हातात धरून तसेच बसून राहत. पुढे काय करायचं, तेच सुचत नसे. भेटायला येणारे म्हणत, “नाना तर ठणठणीत आहेत!”

व्हॅस्क्युलर डिमेन्शियात असं होऊ शकतं. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या कुठे ना कुठे बंद पडत जातात, आणि पुष्कळदा विसराळूपणाच्या आधी कामांचा क्रम आणि विचारांचा वेग जातो. पावलं घासत पडतात, लघवीवरचा ताबा सुटतो, जरा काही झालं की रडू फुटतं. अल्झायमर हळूहळू वाढतो. व्हॅस्क्युलर डिमेन्शिया मात्र बहुधा जिन्यासारखा उतरतो. कित्येक महिने माणूस एकाच पायरीवर असतो आणि एका सकाळी दोन पायऱ्या खाली.

गेलेलं परत आणणारं औषध नाही, मेंदूचं टॉनिक विकणारे काहीही म्हणोत. डोनेपेझिल, मेमँटिन डॉक्टर कधी कधी देतात. फरक पडलाच तर थोडा. खरा इलाज पुढची पायरी टाळण्याचा, आणि तो भलताच कंटाळवाणा आहे: बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आटोक्यात, तंबाखू बंद, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांनी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी. ती गोळी पोटात गेली का, ते डोळ्यांनी बघा. नाना “घेतली” म्हणत आणि धोब्याला कपडे देताना ती बंडीच्या खिशात सापडे. एमआरआयबरोबर बी-१२, थायरॉइड आणि सोडियमही तपासून घ्या. त्यातली खोट भरून काढता येते.

एका पावसाळ्यात नाना रातोरात बरळायला लागले, भिंतीवर माणसं दिसू लागली. शेजारी म्हणाले, “अब तो उमर हो गई।” निघालं लघवीचं इन्फेक्शन, अँटिबायोटिकनंतर बरेचसे माणसात आले. एक-दोन दिवसांत बिघडलेलं वयाच्या खाती मांडू नका. बद्धकोष्ठता, इथल्या मे महिन्यात पाणी कमी पडणं, एखादी नवी गोळी, काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर मात्र सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि आरडाओरडा थांबवायला केमिस्टकडून परस्पर गोळी आणू नका. अशा काही औषधांनी या रुग्णांमध्ये पक्षाघाताचा आणि मृत्यूचाही धोका वाढतो.

कागदपत्रं माणूस समजून सही करतो तोवरच उरका. मुखत्यारपत्र केलं की निश्चिंत, असं पुष्कळांना वाटतं. पण करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने साधं मुखत्यारपत्रही संपतं. जॉइंट खातं, नॉमिनी, मृत्युपत्र आधीच बघा.

शेवटी गिळणं अडतं. पाण्याने ठसका लागतो, घट्टसर वरण उतरतं. ताठ बसवून भरवा, लगेच आडवं करू नका. नाकातून नळी घालायची का, हेही त्यांनाच वेळेवर विचारा. नाना म्हणाले होते, “नळी नको, जाईल तेवढा वरणभात द्या.” नागपूरची नणंद येऊन भांडायला लागली, तेव्हा सासूबाईंनी तिला तेवढंच सांगितलं.