पुलाच्या दोरांचे कंपन व त्याचे स्वयंशक्तीने नियंत्रण

सतारीची तार एकदा छेडली की तिचा झंकार बराच वेळ टिकतो. सतारीच्या बाबतीत जो गुण, तोच पुलाच्या पोलादी दोरांच्या बाबतीत दोष ठरतो. उंच मनोऱ्यापासून तिरपे दोर ओढून ज्या पुलांचा मार्ग तोललेला असतो, त्यांतील एकेक दोर, म्हणजेच केबल, शंभर मीटरहूनही लांब असू शकतो. त्याचे अंगचे अवमंदन, म्हणजे कंपन शमविण्याचा गुण, फारच अल्प असते. सुरू झालेले आंदोलन निम्म्यावर येण्यास शंभराहून अधिक हेलकावे लागू शकतात.

जपानमधील नागोया येथील मेइको-निशी पुलाचे बांधकाम चालू असताना, १९८० नंतरच्या दशकात, एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. नुसत्या वाऱ्यात स्थिर राहणारे दोर पावसासह वारा सुटला की जोराने हेलकावू लागत. पावसाच्या पाण्याचा बारीक ओघळ दोरावरून वाहतो, त्यामुळे दोराचा गोल आकार बदलतो आणि वारा त्यास ऊर्जा पुरवू लागतो. असे वारंवार घडल्यास दोराच्या टोकाशी पोलादी तारा शिणतात व कालांतराने तुटू शकतात.

यासाठी दोराच्या खालच्या टोकाजवळ अवमंदक बसवितात. परंतु त्याचा विरोध नेमका असावा लागतो. तो फार सौम्य असल्यास ऊर्जा शोषली जात नाही. फार ताठर असल्यास दोर तेथेच जखडला जातो आणि उरलेला भाग पूर्ववत कंप पावतो. शिवाय कंपनाचा प्रकार बदलला की योग्य विरोधाचे मानही बदलते.

म्हणून विरोध कमी-अधिक करता येणारा अवमंदक उपयोगी पडतो. त्यातील तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. भोवतालच्या वेटोळ्यातून वीज वाहू लागताच चुंबकीय क्षेत्रात या कणांच्या साखळ्या बनतात व द्रव दाट होतो. चीनमधील तुंगतिंग सरोवरावरील पुलाच्या १५६ दोरांवर, प्रत्येकी दोन याप्रमाणे, असे ३१२ अवमंदक २००२ साली बसविण्यात आले.

मात्र या वेटोळ्यास वीज हवी. आणि वादळात, म्हणजे गरज असते नेमक्या त्याच वेळी, वीजपुरवठा खंडित होण्याचा संभव अधिक. यावरील तोड मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधलेल्या तत्त्वात आहे: वेटोळ्याजवळ चुंबक हलला की वेटोळ्यात वीज निर्माण होते. अवमंदकाला असा चुंबक व दुसरे वेटोळे जोडल्यास दोराच्या हालचालीतूनच वीज मिळते. कंपन वाढले की वीज वाढते, विजेबरोबर विरोध वाढतो; कंपन शमले की दोन्ही ओसरतात. निराळा मापक, नियंत्रक वा विजेरी लागत नाही. दक्षिण कोरियातील संशोधकांनी या मांडणीच्या चाचण्या केल्या आहेत.

तथापि या पद्धतीस मर्यादा आहे. अवमंदक टोकाजवळ असल्याने तेथील हालचाल अगदी थोडी असते. मंद कंपनात पुरेशी वीज निर्माण होत नाही. म्हणून चुंबक व वेटोळे यांचे माप प्रत्येक दोरागणिक काळजीपूर्वक ठरवावे लागते.