मोटरहोम मोठं नकोच!

प्रश्न : आई-वडिलांसह आम्ही चौघे स्कॉटलंडचा ‘नॉर्थ कोस्ट 500’ करणार आहोत. मोठं मोटरहोम घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. इन्व्हर्नेसहून निघून तिथेच परतणारा हा सुमारे 830 किलोमीटरचा मार्ग वायव्य किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी एकपदरी आहे. समोरून वाहन आलं की ‘पासिंग प्लेस’ गाठून थांबायचं, मागच्यालाही तिथूनच पुढे सोडायचं. ॲपलक्रॉसचा ‘ब्यालख ना बा’ घाट 626 मीटरवर चढतो. फार मोठ्या वाहनांनी इथे येऊ नये, असा फलक पायथ्यालाच आहे. गावकऱ्यांची रुग्णवाहिकाही याच रस्त्याने जाते, म्हणून तुमच्या गाडीची रुंदी हा केवळ तुमचा प्रश्न उरत नाही.

वयस्कांना गाडीतच पलंग आणि शौचालय हवं, हा मुद्दा रास्त आहे. पण साधी मोटार आणि दोन-तीन ठिकाणी ठरवलेला मुक्काम त्यांना अधिक आराम देईल. ‘तिकडे कुठेही तळ ठोकता येतो’ हा मात्र गैरसमज. 2003च्या कायद्याने दिलेला मुक्त वावराचा हक्क तंबूवाल्यांना लागू आहे, मोटारींना नाही. मोटरहोमच हवं असेल तर लहान घ्या, रात्री अधिकृत कॅम्पसाइटवरच थांबा आणि शौचालयाची टाकी तिथेच रिकामी करा.